रॅकमधला राउटर तापू लागतो तेव्हा: पंखा आणि आतले भाग तपासण्याची रीत

घरातल्या छोट्या वायफाय राउटरमध्ये बहुधा पंखा नसतोच. त्याची उष्णता खोक्याच्या फटींतून आपोआप बाहेर जाते. हा लेख त्याच्या पुढच्या वर्गातल्या राउटरविषयी आहे. कार्यालय, महाविद्यालय, पतसंस्था किंवा तालुक्याच्या गावातला इंटरनेट पुरवठादार यांच्या रॅकमध्ये बसवलेला, एक किंवा दोन यू (रॅकमधली उंची मोजण्याचे एकक, सुमारे साडेचार सेंटिमीटर) उंचीचा आणि आत दोन-चार लहान पंखे असलेला असा हा राउटर असतो. सिस्को, ज्युनिपर आणि मिक्रोटिक यांची यंत्रे आपल्याकडे बरीच दिसतात, म्हणून उदाहरणे त्यांची घेतली आहेत; आज्ञांचे शब्द वेगळे असले तरी इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही हीच रीत लागू पडते.

अशा राउटरवर पंख्याचा अलार्म आला की कोणीतरी लगेच तो बंद करून चालू करतो आणि दुसरे कोणीतरी नवा पंखा मागवते. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. पुष्कळदा पंखा हे दुखण्याचे मूळ नसते. खोली तापलेली असते, जाळी धुळीने बुजलेली असते किंवा पॉवर सप्लायचे व्होल्टेज ढासळलेले असते, आणि त्याचा भार पंख्याने अनेक महिने वाहिलेला असतो. मूळ कारण तसेच ठेवून नवा पंखा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. राउटर बंद-चालू केल्याने तर ज्या नोंदींवरून कारण कळले असते, त्याच पुसल्या जातात. म्हणून पुढे सांगितलेल्या क्रमात पेचकस बराच उशिरा हातात येतो.

बंद करण्याआधी सगळे उतरवून घ्यावे

बहुतेक राउटर आपला लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, मेमरीत ठेवतात आणि वीज गेली की तो जातो. मिक्रोटिकच्या मूळ मांडणीत मेमरीत 1000 ओळीच राहतात, म्हणजे गडबडीच्या दिवशी सकाळच्या नोंदी दुपारपर्यंत मागे पडून नाहीशा झालेल्या असू शकतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे लॅपटॉप जोडून राउटरवर जे दिसते ते एका फाइलमध्ये उतरवणे. सिस्कोवर ‘शो लॉगिंग’, ‘शो एन्व्हायर्नमेंट ऑल’, ‘शो इन्व्हेंटरी’ आणि ‘शो व्हर्जन’ या आज्ञा द्याव्यात. शेवटच्या आज्ञेत राउटर मागच्या वेळी कशामुळे पुन्हा सुरू झाला, हेही लिहिलेले असते. ज्युनिपरवर ‘शो चॅसिस अलार्म्स’, ‘शो चॅसिस एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘शो चॅसिस फॅन’ या तिन्ही पाहाव्यात. मिक्रोटिकवर ‘सिस्टम हेल्थ प्रिंट’ आणि ‘लॉग प्रिंट’ एवढे पुरते. कंपनीशी देखभालीचा करार असेल, तर सिस्कोचा ‘शो टेक-सपोर्ट’ किंवा ज्युनिपरचा ‘रिक्वेस्ट सपोर्ट इन्फर्मेशन’ हा लांबलचक अहवालही आत्ताच काढून ठेवावा, कारण कंपनी तो मागणारच.

लॉगमधल्या वेळा मात्र डोळे झाकून खऱ्या मानू नयेत. सिस्कोच्या नोंदीत तारखेआधी तारकाचिन्ह दिसले, तर त्या घड्याळाचा भरवसा नाही असे समजावे. तारीख 1993 च्या मार्चपासून सुरू झालेली दिसत असेल, तर राउटरला वेळ कोणी दिलेलीच नाही. अशा वेळी ‘अलार्म नेमका कधी आला’ हे राउटर किती तास चालू आहे त्यावरून उलटे मोजून काढावे लागते.

यानंतर चालू कॉन्फिगरेशन, म्हणजे राउटरला दिलेल्या सगळ्या सेटिंग्ज, कायमच्या मेमरीत जतन करावे आणि त्याची एक प्रत राउटरच्या बाहेर काढावी. हे काम नंतरवर ढकलू नये. 2014 च्या सुरुवातीला सिस्कोने जाहीर केले होते, की 2005 ते 2010 या काळातील काही उत्पादनांत एकाच पुरवठादाराचे मेमरीचे भाग कालांतराने क्षीण होतात. यंत्र चालू असेपर्यंत काही जाणवत नाही, पण बंद करून पुन्हा चालू केले की ते उठत नाही. ती यंत्रे आता बहुतेक निवृत्त झाली असली, तरी जुने यंत्र चालू आहे म्हणजे ते पुन्हा चालू होईलच असे गृहीत धरू नये. बंद करण्याची वेळ आलीच, तर पर्यायी राउटर हाताशी ठेवून आणि वापर कमी असलेली वेळ पाहूनच ते करावे.

आकडे कसे वाचावेत

उतरवलेल्या माहितीत साधारणपणे तीन तऱ्हेची तापमाने असतात: आत येणाऱ्या हवेचे, बाहेर जाणाऱ्या हवेचे आणि प्रोसेसरचे. बहुतेक कार्यालयीन राउटर 0 ते 40 अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात, आणि हा आकडा राउटरच्या तोंडाशी, म्हणजे हवा आत घेणाऱ्या जाळीशी, असलेल्या हवेचा असतो, भिंतीवरच्या तापमापकाचा नव्हे. डेटा सेंटरसाठी अमेरिकेतील ॲश्रे ही संस्था 18 ते 27 अंश तापमानाची शिफारस करते. छोट्या कार्यालयात तेवढे साधत नसले, तरी लक्ष्य म्हणून ते ध्यानात ठेवायला हरकत नाही.

खोलीत 30 अंश आणि राउटरच्या तोंडाशी 44 अंश असतील, तर बाहेर टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा आत येते आहे. अशा वेळी पंखा बदलून काहीही साधणार नाही. तोंडाशी हवा ठीक असून प्रोसेसर तापलेला असेल आणि पंखे पूर्ण वेगाने घोंगावत असतील, तर अडथळा खोक्याच्या आत आहे. सगळे आकडे बरे दिसत असूनही अलार्म वाजत असेल, तर पंख्याच्या वेगाकडे वळावे.

एका पंख्याचा वेग बाकीच्यांपेक्षा बराच कमी दिसला, तर त्याचे बेअरिंग जात चालले आहे. वेग शून्य दाखवत असूनही पाती फिरताना दिसत असतील, तर वेग कळवणारी तार किंवा तिचा सांधा सुटलेला असतो. सगळे पंखे एकाच क्षणी शून्यावर आले, तर ते सगळे एकदम बिघडले असे मुळीच मानू नये. त्यांना वीज देणारा मार्ग किंवा त्यांचे नियंत्रण करणारे सर्किट तपासावे. आणखी एक गोष्ट म्हणजे काही राउटरमध्ये तापमान कमी असताना पंखे मुद्दाम थांबवलेले असतात. मिक्रोटिकच्या काही मॉडेलवर ‘हेल्थ सेटिंग्ज’मध्ये पंखे कोणत्या तापमानाला पूर्ण वेग घेतील, हे ठरवता येते, ते पाहिल्याशिवाय थांबलेल्या पंख्याला नादुरुस्त ठरवू नये.

आकड्यांइतकीच त्यांची वेळही बोलकी असते. आपल्याकडे फार वेळा आढळणारा एक प्रकार असा: लाइट जाते, राउटर यूपीएसवर सुखाने चालत राहतो, पण एसी यूपीएसवर नसल्यामुळे बंद पडतो. बंद खोलीत विदर्भातल्या मे महिन्याची दुपार असेल, तर राउटरला ऊब चढायला फार वेळ लागत नाही. लाइट आल्यावर एसी स्वतःहून सुरू होणारा नसेल, तर तो कोणाच्या लक्षात येईपर्यंत बंदच राहतो, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तर सोमवारपर्यंत. तापमानाचा चढ आणि लाइट गेल्याची वेळ जुळते का, हे यूपीएसच्या नोंदींशी ताडून पाहावे.

हवेची वाट

आता रॅकपाशी जावे, पण राउटर चालूच ठेवावा. आधी हवा कोणीकडून येते आणि कोणीकडे जाते हे ठरवावे. काही यंत्रे समोरून घेऊन मागे सोडतात, तर ज्युनिपर एमएक्स 480 सारखी काही एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने सोडतात. टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी जाळीसमोर धरली की शंका राहत नाही: हवा आत ओढली जात असेल तिथे ती चिकटते, बाहेर येत असेल तिथे फडफडते. सगळ्या जाळ्यांवर ती एकदा फिरवून पाहावी; जिथे ती हललीच नाही, तिथला पंखा थांबलेला आहे किंवा जाळी बुजलेली आहे. महागड्या मोजमापाच्या उपकरणाआधी मी तरी हीच पट्टी हातात घेतो.

बाजूने श्वास घेणारे यंत्र अरुंद, काचेच्या दाराच्या भिंतीवरच्या रॅकमध्ये बसवले असेल, तर त्याची दोन्ही तोंडे लोखंडी पत्र्याला लागलेली असतात. रॅक बदलणे किंवा बाजूचे पत्रे काढणे हाच त्यावर उपाय. मागच्या बाजूला केबलींचा गुंता जाळीसमोर आला असेल, तर तो वेलक्रोच्या पट्ट्यांनी बाजूला बांधावा. रिकाम्या स्लॉटवरची झाकणे अनेक ठिकाणी हरवलेली असतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण त्या भोकातून हवा सोपी वाट धरते आणि ज्या कार्डावरून ती जायला हवी, ते कार्ड तापत राहते. ही झाकणे शोभेची नसतात.

एकाच रॅकमधल्या यंत्रांच्या हवेच्या दिशा परस्परविरोधी असल्या, तर एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जाते. बदलता येणारे पंखे किंवा पॉवर सप्लाय मागवताना हे विशेष पाहावे. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर पोर्टच्या (केबल लावण्याच्या जागांच्या) बाजूने हवा घेणाऱ्या भागांना गडद लाल आणि त्या बाजूने हवा सोडणाऱ्या भागांना निळी खूण असते. एकाच यंत्रात दोन रंग मिसळले, तर वारा आपापसांत भांडतो.

धुळीचा प्रकार गावागणिक बदलतो. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावात कापसाचा तंतू जाळीवर नमद्यासारखा बसतो आणि फुंकरीने निघत नाही. तो चिमट्याने किंवा मऊ ब्रशने सोलून काढावा लागतो. कोकण किनाऱ्यावर धूळ कमी असली, तरी खारी दमट हवा कनेक्टरच्या पायांवर हिरवट-पांढरा थर चढवते. राउटरला बाहेरून काढता येणारी गाळणी असेल, तर ती काढून धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. आतली सफाई मात्र वीज बंद केल्यावरच करावी. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण झोताने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जोरात फिरला, तर बेअरिंग खराब होते आणि फिरणारी मोटर उलटी वीज बोर्डाकडे ढकलू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विद्युत निर्माण करतो, म्हणून तो आत फिरवू नये.

पंखा काढणे आणि बदलणे

इथवर कारण सापडले नाही किंवा पंखाच जात असल्याचे दिसले, तर तो काढण्याची वेळ आली. मोठ्या यंत्रांत पंख्यांचा पूर्ण ट्रे चालू स्थितीत बदलता येतो. नवा ट्रे खोक्यातून काढून हाताशी ठेवल्याशिवाय जुन्याला हात लावू नये, कारण ट्रे बाहेर असताना यंत्राला हवाच मिळत नाही. खिट्टी सोडून ट्रे थोडा ओढावा, पाती पूर्ण थांबू द्यावीत, मगच तो बाहेर घ्यावा आणि लगेच नवा बसवावा. लहान यंत्रांत मात्र झाकण उघडावे लागते. त्याआधी राउटर आज्ञेने व्यवस्थित बंद करावा आणि विजेच्या वायरी काढाव्यात. दोन पॉवर सप्लाय असलेल्या यंत्रात दुसरी वायर हमखास विसरली जाते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून तो अर्थिंगला जोडावा. वॉरंटी किंवा करार चालू असेल, तर झाकण न उघडता कंपनीकडेच जावे.

बंद पंखा बोटाने फिरवून पाहावा. चांगला पंखा सहज फिरतो आणि हळूहळू थांबतो. झटकन थांबला किंवा फिरताना खरखर हाताला जाणवली, तर बेअरिंग गेले. मधली चकती अंगठ्याने हलकेच पुढे-मागे ढकलून पाहावी. ती डगमगत असेल तर तो पंखा आज चालला, तरी फार दिवस चालणार नाही. स्लीव्ह बेअरिंगमधले वंगण उष्णतेने सुकते. बॉल बेअरिंग थोडे जास्त आवाज करते, पण तापलेल्या खोक्यात जास्त टिकते. सुकलेल्या पंख्यात तेलाचे थेंब सोडून तो चालवण्याचा प्रयोग टेबलफॅनवर करावा. ज्या राउटरवर शेकडो जोडण्या अवलंबून आहेत, त्यात तो करू नये.

नवा पंखा आणण्याआधी जुन्याच्या लेबलचा फोटो काढावा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत 40 मिलिमीटरचे 12 व्होल्टचे पंखे मागाल तितके मिळतात, पण माप जुळले म्हणजे पंखा जुळला असे नाही. जाडी वेगवेगळी असते. 40 बाय 40 बाय 28 च्या जागी 40 बाय 40 बाय 20 बसतो खरा, पण तो तितक्या जोराने हवा ढकलत नाही. लेबलवर अँपिअरचा आकडा असतो, आणि तोही पाहावा: जिथे 0.3 अँपिअरचा पंखा होता तिथे 0.08 चा मऊ आवाजाचा पंखा लावला, तर खोली शांत होईल आणि राउटर तापेल. आवाज कमी करण्यासाठी पंखा बदलणाऱ्यांचा मला नेहमीच धसका वाटतो.

तारांचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. तीन तारांच्या पंख्यात साधारणपणे काळी ऋण, लाल 12 व्होल्टची आणि पिवळी वेग कळवणारी असते. चौथी तार असेल तर ती वेग कमी-जास्त करण्यासाठी असते. रंग आणि पायांचा क्रम प्रत्येक कंपनीत सारखा नसतो, म्हणून कनेक्टर कापून जोडण्याआधी दोन्ही बाजू मल्टीमीटरने ताडाव्यात. तीन तारांचे पंखेही दोन जातींचे असतात. एका जातीत तिसरी तार प्रत्येक फेरीला दोन स्पंदने देते. दुसऱ्या जातीत ती फक्त ‘फिरतो आहे’ किंवा ‘अडकला आहे’ एवढेच सांगते. राउटर स्पंदने मोजणारा असेल आणि दुसऱ्या जातीचा पंखा बसवला, तर पंखा उत्तम फिरूनही वेग शून्य दिसतो आणि अलार्म जात नाही. हे पडताळण्यासाठी हर्ट्झ मोजणारा मल्टीमीटर पंखा जोडलेला असताना पिवळ्या तारेवर लावावा: मिनिटाला 9000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 150, आणि म्हणून मीटरवर 300 हर्ट्झच्या आसपास आकडा दिसायला हवा.

पंखा बसवताना त्याच्या कडेवरचे बाण पाहावेत. एक बाण पात्यांच्या फिरण्याची दिशा दाखवतो आणि दुसरा हवेची. उलट्या दिशेने बसवलेला एक पंखा शेजारच्या पंख्यांचे कामही बिघडवतो.

पंखा बदलूनही अलार्म राहिला तर

मग पंख्याच्या कनेक्टरवरचे व्होल्टेज मोजावे. पूर्ण वेगाच्या वेळी 12 व्होल्टच्या जागी 11.4 ते 12.6 पर्यंतचा आकडा चालतो. तो 10 वर उतरत असेल, तर पंखा मंद पडण्याचे कारण पॉवर सप्लायमध्ये आहे. वेग व्होल्टेज बदलून कमी-जास्त करणाऱ्या राउटरमध्ये मात्र हे मोजमाप यंत्र तापलेले असतानाच घ्यावे.

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला सगळ्यात आधी शरण जातात. त्यांच्याविषयीचा ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. 105 अंशांवर 2000 तासांचा कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे टिकेल. तोच 75 अंशांवर ठेवला तर पावणेदोन-दोन वर्षांत संपेल. पंखा मंदावल्यामुळे कपॅसिटर तापतो, तो सुकल्यावर व्होल्टेज ढासळते, आणि त्याने पंखा आणखी मंदावतो. डोके फुगलेला किंवा तळाशी तपकिरी डाग पडलेला कपॅसिटर दिसला, तर पॉवर सप्लाय बदलावा. तो स्वतः उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये: 230 व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या सप्लायमधल्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

त्याच वेळी सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातले व्होल्टेज मोजावे. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आतले बाकीचे भाग

झाकण उघडलेच आहे, तर थोडा वेळ आत पाहण्यात घालवावा. ऊब शोधत आत शिरलेली पाल बोर्डावर चिकटून मेलेली सापडणे, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. तिने दोन जोड एकमेकांना लावून ठेवले, तर बिघाडाचे निदान कोणत्याही लॉगमध्ये मिळत नाही. मुंग्यांची वारुळेही सापडतात. प्रोसेसरवरचा उष्णताशोषक पत्रा सैल झाला असेल किंवा त्याखालची पेस्ट सुकून खडूसारखी पडत असेल, तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पातळ लावावी. मेमरीची पट्टी काढता येत असेल, तर ती एकदा काढून नीट बसवावी. घड्याळाचा सेल उतरला असेल, तर तोही बदलावा. तारखा चुकल्या की व्हीपीएनची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि दोष नेटवर्कवर जातो.

एसएफपी मॉड्यूल, म्हणजे राउटरच्या खाचेत बसवायचा आणि केबल जोडायचा छोटा भाग, ही उष्णतेची दुर्लक्षित जागा आहे. फायबरचे 10 गिगाबिटचे मॉड्यूल साधारण एक वॅटच्या आसपास वीज खाते, तर त्याच वेगाचे तांब्याच्या तारेचे मॉड्यूल दोन वॅटच्या वर जाते. तांब्याची मॉड्यूले शेजारी-शेजारी न लावता मध्ये एक जागा रिकामी सोडावी. सामान्य मॉड्यूल 70 अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असते. त्याचे स्वतःचे तापमान राउटरवर वाचता येते, आणि एखादा दुवा दुपारीच तुटत असेल, तर केबल बदलण्याआधी तो आकडा पाहावा.

राउटर अजिबात उठत नसेल, तर लॅपटॉप थेट राउटरला जोडणारी कन्सोल केबल लावावी. तिचा वेग सिस्को आणि ज्युनिपरला 9600 बॉड, मिक्रोटिकला बहुधा 115200 ठेवावा. अक्षरे येऊन मध्येच थांबली, तर शेवटची ओळ कोणत्या भागापाशी अडली ते सांगते. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि कन्सोलवर एकही अक्षर येत नाही, असे असेल तर दोष मुख्य बोर्डात आहे. 2017 च्या फेब्रुवारीत सिस्कोने आपल्या काही यंत्रांतील घड्याळ-संकेताच्या भागाविषयी असेच जाहीर केले होते. आयएसआर 4331 सारखे राउटर त्यात होते, आणि साधारण 18 महिन्यांच्या वापरानंतर हा दोष दिसू शकतो व मग यंत्र परत उठत नाही, असे कंपनीने सांगितले होते. अशा बोर्डावर दुरुस्तीचा वेळ घालवण्याऐवजी अनुक्रमांक घेऊन कंपनीकडे चौकशी करावी.

जोडणी पूर्ण झाल्यावर

झाकण लावल्यावर राउटर लगेच रॅकमध्ये ढकलू नये. टेबलावर अर्धा तास चालवून तापमाने आणि वेग उतरवावेत, मग रॅकमध्ये बसवून पूर्ण भारावर पुन्हा उतरवावेत. दोन्ही आकड्यांत दहा-बारा अंशांचा फरक पडला, तर राउटर ठीक आहे आणि रॅकची हवा अजून सुधारायची आहे. हे आकडे राउटरच्या फाइलमध्ये तारखेसह ठेवावेत. लॉग बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरकडे (नोंदी साठवणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडे) पाठवावा, म्हणजे पुढच्या वेळी वीज गेली तरी नोंदी राहतील. झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएससारख्या देखरेखीच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत पंख्यांचे वेग आणि तोंडाजवळचे तापमान दर पाच मिनिटांनी नोंदवावे, आणि सूचना येण्याची मर्यादा कंपनीच्या कमाल आकड्यावर न ठेवता नुकत्याच उतरवलेल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा सात-आठ अंश वर ठेवावी. पंखा पूर्ण थांबण्याआधी त्याचा वेग काही आठवडे घसरत असतो, म्हणून वेगाला खालची मर्यादाही लावावी. कापलेल्या कनेक्टरसह जुना पंखा आणि त्याच मापाचा एक नवा पंखा एका पिशवीत घालून रॅकच्या तळाशी ठेवावा. पिशवीवर मॉडेल, अँपिअर आणि तारांचा क्रम लिहावा.